छंदाच्या गटात विकणं कुठे संपतं आणि जाहिरात कुठे सुरू होते?

मल्हारनगर (इंदूर) | शनिवार, रात्री ९:१२

इंदूरमध्ये आम्हा नाणी जमवणाऱ्यांचा व्हॉट्सॲप गट आहे. होळकरांची नाणी हा मुख्य विषय, पण धार, देवास, रतलाम, ग्वाल्हेर, बडोदा असं आसपासचं सगळंच येतं. गटाच्या वर्णनात पहिल्या दिवसापासून एक ओळ आहे: 'जाहिरात करू नये.' ती सगळ्यांना मान्य आहे. पण जाहिरात कशाला म्हणायचं यावर दोन माणसांचं एकमत होत नाही. मी ॲडमिन, त्यामुळे तक्रारी माझ्याकडे येतात.

या महिन्यातल्या सांगतो. एका सभासदाने शिवाजीराव होळकरांच्या नंदीवाल्या अर्ध्या आण्याचे फोटो टाकले आणि खाली लिहिलं, 'माझ्याकडे दोन आहेत, एक द्यायचा आहे.' दुसरे एक जण यूट्यूबवर नाण्यांचे व्हिडिओ करतात, दर नव्या व्हिडिओचा दुवा गटात येतो. तिसरे नाण्यांचे अल्बम आणि कॅप्सूल (एकेक नाणं ठेवायच्या पारदर्शक डब्या) विकतात. कुणी 'नाणं कशात ठेवू' असं विचारलं की यांचं उत्तर लगेच हजर.

चौथी गोष्ट मनाला लागली. आमचे एक जुने सभासद वारले. त्यांच्या पत्नी त्यांच्याच नंबरवरून गटात आल्या आणि विचारलं, 'यांचा संग्रह द्यायचा आहे, योग्य किंमत कोण सांगेल?' कुणीतरी ताबडतोब उत्तर दिलं, 'इथे विक्रीची जाहिरात चालत नाही.' ताईंनी पोस्ट काढून टाकली.

या चौघांना एकाच मापाने मोजणं मला अन्याय वाटतो. पण मग रेघ कुठे ओढायची? बागकाम, पक्षी, कॅमेरे, सायकली असे गट चालवणारे बरेच जण या मंचावर आहेत, तुमच्याकडे काय करता?

तांब्याचा_पैसा (इंदूर) | रात्री ९:३०

सोपं आहे. रुपयाचा उल्लेख आला की पोस्ट बाहेर.

देवासकर | रात्री ९:३४

रुपयाचा उल्लेख बंद? नाण्यांच्या गटात? मग बोलणार कशावर, कवड्यांवर? 😀

तांब्याचा_पैसा | रात्री ९:५१

@देवासकर, हसा हसा. किमतीबद्दल म्हणतोय मी. माझं म्हणणं नीट मांडतो, कारण मल्हारनगरच्याच गटात मीही आहे आणि तिथला बदल जवळून बघितलाय.

आधी लोक नाणं टाकायचे ते 'हे काय आहे' म्हणून. त्यावर तासभर चर्चा व्हायची: छाप कुठली, फारसीतलं वर्ष वाचता येतं का, सूर्य आहे की बेलपान. आता नाणं पडलं की पहिला प्रश्न 'द्यायचंय का?' आणि दुसरा 'कितीला?' ओळख पटवणारे जाणते लोक गप्प झाले. त्यांना वाटतं, आपण फुकट ज्ञान द्यायचं आणि त्या ज्ञानावर दुसऱ्याने सौदा करायचा. एक पैसाही न खाता गट असा पोखरला जातो. म्हणून मला शून्य विक्री हवी. विकायला हजार जागा आहेत, शिकायला नाहीत.

बाबाशाही (वडोदरा) | रात्री १०:०५

आमच्या वडोदऱ्याच्या गटात रविवारी विक्रीला मुभा आहे. पोस्टच्या पहिल्याच शब्दात 'विक्री' लिहायचं, दोन्ही बाजूंचे फोटो, वजन आणि किंमत द्यायची. बाकी सहा दिवस फक्त नाणी. ज्यांना विक्रीत रस नाही ते रविवारी गटाचा आवाज बंद करून ठेवतात. मला तरी हे पटलंय.

सराफा_दुकान (इंदूर) | रात्री १०:२०

मी व्यापारी आहे, हे आधीच सांगून बोलतो.

तांब्याचा_पैसा काका, तुमच्या संग्रहातला यशवंतराव होळकरांचा १९३५ चा अर्धा आणा, राजांचा मुखवटा असलेला, तुम्ही कौतुकाने सगळ्यांना दाखवता. तो कुणाकडून घेतलात? माझ्यासारख्याच कुणाकडून तरी ना? हा छंद व्यापाऱ्याशिवाय चाललेला मी पाहिला नाही. भांडीवाल्याकडे मोडीत आलेलं तांबं आणि भट्टीत जाणारी चांदी यांतून नाणं वेगळं काढून ठेवणारा पहिला माणूस आमच्यातलाच असतो.

आणि गंमत बघा, आपल्या सराफ्याचंच उदाहरण आहे. दिवसा तिथे सोन्याचांदीची दुकानं, रात्री दुकानांचे शटर पडले की त्याच ओट्यांसमोर चौपाटी. कुणी कुणाच्या पायात येत नाही, कारण वेळ ठरलेली आहे. बाबाशाही म्हणतात तसा एक दिवस आम्हाला द्या, आम्ही बाकी दिवस तोंड मिटून नाही, पण खिसा मिटून नक्की बसू.

देवासकर | रात्री १०:२३

सराफा निघालाच आहे तर चौपाटीवरचे तळलेले गराडू सुरू झाले का ते पण सांगा.

सराफा_दुकान | रात्री १०:२४

थंडी पडू द्या भिया.

सुदामानगर_ताई (इंदूर) | रात्री १०:४८

सगळे व्यापाऱ्यांवर घसरलेत, पण मल्हारनगर यांनी सांगितलेल्या त्या ताईंबद्दल कुणी काहीच बोललं नाही. ती जाहिरात कशी काय झाली? जाहिरात करणाऱ्याला भाव माहीत असतो आणि गिऱ्हाईक हवं असतं. या बाईला भावच माहीत नाही, म्हणून तर ती विचारायला आली. नवऱ्याने ज्यांच्याबरोबर इतकी वर्षं घालवली त्यांनाच विचारणार ना ती? आणखी कुणाला विचारणार?

आणि तिला 'इथे चालत नाही' म्हणून परत पाठवल्यावर ती कुठे जाईल तेही सांगते. मोबाइलवर शोधेल 'जुनी नाणी विकणे', आणि थेट भामट्यांच्या हातात पडेल.

टांकसाळ (भोपाळ) | रात्री ११:०२

ताईंचं शंभर टक्के बरोबर. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये याच प्रकाराबद्दल लोकांना सावध केलं होतं. जुन्या नोटा आणि नाणी विकत घेतो असं सांगणारे लोक रिझर्व्ह बँकेचं नाव आणि बोधचिन्ह वापरून आधी शुल्क, कमिशन, कर अशा नावाखाली पैसे मागतात. बँकेने स्पष्ट केलं की ती अशा कुठल्याही व्यवहारात नसते, असे पैसे कुणाकडून मागत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही.

माझ्या अनुभवात या भामट्यांची सुरुवात छंदाच्या गटातूनच होते. वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं लाखांना जाणार, ७८६ वाली नोट आम्ही घेणार, अशी पोस्ट पडते. ही जाहिरात ओळखायला ॲडमिनला विचार करावा लागू नये.

चिंचगूळ (इंदूर) | रात्री ११:१०

त्यात १८१८ सालची राम-सीता-हनुमानवाली 'ईस्ट इंडिया कंपनीची' नाणीही घाला. कंपनीने असलं नाणं कधीच पाडलं नव्हतं. देवळाबाहेर विकायला बनवलेले तुकडे आहेत ते. आणि चमत्काराने तांदूळ ओढून घेतं म्हणून खपवलं जाणारं तांब्याचं नाणं, म्हणजे राइस पुलर! त्या नादात लोकांची घरं गेली आहेत.

तांब्याचा_पैसा | रात्री ११:२२

@सुदामानगर_ताई, त्या ताईंना ज्याने तसं उत्तर दिलं ते मलाही आवडलं नव्हतं. पण त्या पोस्टनंतर काय झालं ते मल्हारनगर यांनी लिहिलेलं नाही, म्हणून मी लिहितो. पोस्ट काढायच्या आत त्यांना चार-पाच जणांचे वैयक्तिक निरोप गेले होते. 'सगळा लॉट किती?' 'आज येऊन बघू का?' एकाने तर चांदीच्या तोळ्याच्या भावाने सगळंच उचलतो असं कळवलं. एक जुना रुपया साधारण तोळाभर भरतो, म्हणून हिशेब सोपा वाटतो. पण अहिल्याबाईंच्या वेळचा, शिवलिंग-बेलपानाचा रुपया कुणी चांदीच्या भावाने देतं का?

माझा राग या गोष्टीवर आहे. उघड पोस्ट निदान सगळे बघतात आणि भाव चुकीचा असेल तर कुणीतरी बोलतं. वैयक्तिक निरोपातला सौदा ॲडमिनलाही दिसत नाही.

मल्हारनगर | रात्री ११:३१

हे मला संग्रहवाल्या त्या ताईंनीच नंतर फोनवर सांगितलं. खरं आहे.

ग्वाल्हेरी | रविवार, सकाळी ७:१५

तांब्याचा_पैसा यांनी शेवटी जे लिहिलं त्यानेच त्यांचा पहिला नियम पडतो. किमतीचा उल्लेख उघडपणे बंद केला की सौदे थांबत नाहीत, ते आत सरकतात. आणि आत गेल्यावर फक्त जाणकाराचा फायदा होतो. आमच्याकडे जिवाजीराव शिंद्यांचा १९२९ चा पाव आणा ढिगाने मिळतो. साधं नाणं आहे. तरीही नव्या माणसाला तो 'दुर्मिळ' म्हणून विकला जातो, तो वैयक्तिक निरोपातच. उघड गटात तेच लिहिलं असतं तर दहा जणांनी टोकलं असतं.

सूर्योदय_रोज (इंदूर) | सकाळी ७:४०

सुप्रभात मंडळी 🙏 मोठ्या जाहिरातींचं बघताय ते ठीक, पण रोज सकाळी येणारे सूर्य, फुलं आणि सुविचार? माझ्या मते गटातला सगळ्यात जास्त कचरा तोच. त्यात कुणी काही विकत नाही, पण चांगली पोस्ट त्याखाली गाडली जाते.

देवासकर | सकाळी ७:४४

आधी तुमचं सदस्यनाव बदला 😀

चिंचगूळ | सकाळी ८:०२

सूर्य टाकायचाच असेल तर होळकरांच्या मल्हारनगर टाकसाळीच्या रुपयावरचा टाका, किरणांसकट. माझी ना नाही.

जुना_कीबोर्ड (पुणे, मूळ इंदूर) | सकाळी ८:५५

@सूर्योदय_रोज यांच्या मुद्द्यात तथ्य आहे आणि त्याला इतिहासही आहे. मे १९७८ मध्ये अमेरिकेत डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थ्युर्क याने आर्पानेटवरच्या (इंटरनेटच्या आधीचं संगणकांचं जाळं) सुमारे ४०० जणांना नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचं निमंत्रण एकदम पाठवलं. त्यात फसवणूक नव्हती, संगणक खरे होते. तरी लोक चिडले, कारण ते जाळं त्यासाठी नव्हतं. मग एप्रिल १९९४ मध्ये ॲरिझोनातल्या कँटर आणि सीगल या वकील जोडप्याने ग्रीन कार्ड लॉटरीची जाहिरात यूजनेटच्या, म्हणजे तेव्हाच्या संगणकावरच्या चर्चागटांच्या जाळ्याच्या, हजारो गटांत टाकली. विषय कुठलाही असो, जाहिरात तीच.

त्यानंतर यूजनेट सांभाळणाऱ्यांनी जी पद्धत बसवली ती मला आजही शहाणपणाची वाटते. एखादा मजकूर काढायचा की नाही हे ठरवताना तो चांगला की वाईट, फुकट की विकाऊ, हे बघायचंच नाही. तो किती गटांत किती वेळा टाकला एवढंच मोजायचं. ब्रीडबार्ट निर्देशांक म्हणतात त्याला. देवाचं वचन असलं तरी हजार ठिकाणी टाकलं की काढणार. आणि विक्रीची सोय वेगळी होती. छायाचित्रणाच्या गटांना जोडून वेगळा 'मार्केटप्लेस' गट असायचा, नाहीतर विषयाच्या सुरुवातीलाच 'विक्री'ची खूण टाकायची. बाबाशाहींच्या वडोदऱ्याच्या गटाचा नियम तोच आहे.

तेव्हा मल्हारनगर, तुमचा अर्धा आणा विकणारा सभासद तीच पोस्ट उज्जैन, भोपाळ, नागपूरच्या दहा गटांत टाकतोय का ते बघा. फक्त तुमच्याकडे टाकत असेल तर तो तुमच्या माणसांशी बोलतोय.

मल्हारनगर | सकाळी ९:३०

फक्त आमच्याकडे टाकतात. आणि कुणी बदल्यात नाणं दिलं तर तेही घेतात.

नर्मदाकाठ (महेश्वर) | सकाळी ९:४८

यूट्यूबवाला मीच आहे. मल्हारनगर यांनी नाव घेतलं नाही त्याबद्दल आभार, पण लपून राहण्यासारखं काही नाही.

मी व्हिडिओ करतो कारण महेश्वरच्या घाटावर येणारे हजारो लोक अहिल्याबाईंचा पुतळा बघतात, साड्या घेतात आणि इथे टाकसाळ होती हे माहीत नसताना परत जातात. त्यांच्या काळच्या रुपयावर नाव दिल्लीच्या शाह आलमचं, फारसीत, आणि त्याच रुपयावर शिवलिंग आणि बेलपान. हे समजावून सांगायला मला इंदूरच्या संग्रहालयात जाऊन नाणी बघावी लागतात, फारसी शिकावी लागते. या व्हिडिओंतून माझा पेट्रोलचा खर्चही निघत नाही. उद्या मी हेच पुस्तकात लिहिलं आणि 'पुस्तक आलंय' असं गटात सांगितलं तर सगळे अभिनंदन करतील. व्हिडिओचा दुवा दिला की तो कचरा. का?

सुदामानगर_ताई | सकाळी १०:१०

नर्मदाकाठ दादा, तुमची चीड कळते आणि तुमचे व्हिडिओ मी बघितलेत, चांगले असतात. पण गटात काय येतं ते सांगते. 'नवीन व्हिडिओ. जरूर बघा. लाईक करा, सबस्क्राईब करा.' बस. नाण्याचा फोटो नाही, दोन ओळींची माहिती नाही. माझ्यासाठी कसोटी ही: दुवा काढून टाकला तर मागे काही उरतं का?

तुम्ही इथे आत्ता जो परिच्छेद लिहिलात, शाह आलमचं नाव आणि बेलपान, तो गटात टाका, दोन्ही बाजूंचे फोटो टाका आणि खाली दुवा द्या. वाचणाऱ्याला दुवा न उघडताही काहीतरी मिळालं. त्याला कोण जाहिरात म्हणेल?

नर्मदाकाठ | सकाळी १०:३१

हे मान्य. असंच करतो.

तांब्याचा_पैसा | सकाळी १०:४०

ताईंची कसोटी मलाही चालेल. अल्बम-कॅप्सूलवाल्यालाही हीच लावा. 'पीव्हीसीच्या पाकिटात तांबं ठेवू नका, हिरवं पडतं' असं त्यांनी लिहिलं तर ते ज्ञान आहे. 'माझ्याकडे कॅप्सूल मिळतील' एवढंच लिहिलं तर ती दुकानाची पाटी.

चिंचगूळ | सकाळी १०:४४

पीव्हीसीवरून आठवलं, माझ्या आजोबांची काही तांब्याची नाणी काळी पडलीत. चिंचेने घासून चमकवली तर भाव वाढेल का?

ग्वाल्हेरी | सकाळी १०:४५

नको!!

बाबाशाही | सकाळी १०:४६

अजिबात नको.

सराफा_दुकान | सकाळी १०:५२

चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर, काहीही नको. तो काळपटपणा म्हणजे नाण्याचं वय. घासलं की कडा झिजतात, अक्षरं जातात आणि जाणकार ते हातात घेताच ओळखतो. माझ्याकडे लोक चकचकीत करून आणतात तेव्हा मला निम्मी किंमत सांगताना जीव तुटतो. माती बसली असेल तर साध्या पाण्यात भिजवून ठेवा आणि मऊ कापडाने टिपा, घासू नका.

टांकसाळ | सकाळी ११:२०

बघा, सराफा_दुकान यांनी आत्ता जे लिहिलं त्यात एक पैशाचा धंदा नव्हता आणि एका सभासदाची नाणी वाचली. व्यापारी गटात हवेत की नको याचं उत्तर माझ्यासाठी एवढंच.

फक्त दोन कायदे ॲडमिनना माहीत असावेत. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं हे पुरावशेष ठरतं आणि त्याचा धंदा करायला परवाना लागतो. देशाबाहेर तर खासगी माणसाला पाठवताच येत नाही. म्हणजे शिवाजीराव होळकरांचा अर्धा आणा त्यात बसतो, कारण त्यांची कारकीर्द १९०३ मध्येच संपली. यशवंतरावांचा १९३५ चा अजून बसत नाही. दुसरा १८७८ चा भूमिगत खजिन्याचा कायदा. जमिनीत सापडलेला ऐवज दहा रुपयांहून जास्त किमतीचा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. त्यामुळे 'शेत नांगरताना सापडली, स्वस्तात देतो' अशी पोस्ट आली तर एक तर ती खोटी असते, नाहीतर अडचणीची. दोन्हीत काढून टाका.

सराफा_दुकान | सकाळी ११:२६

परवाना माझ्याकडे आहे. गटात विकणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याने तो ॲडमिनला दाखवावा, मी पहिला दाखवतो.

मल्हारनगर | सकाळी ११:४०

उद्या कुणी गटात खोटं नाणं विकलं तर ॲडमिन म्हणून माझ्या गळ्यात येईल का, ही मला खरी धास्ती आहे.

टांकसाळ | सकाळी ११:५५

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये आणि केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलंय की सभासदाने टाकलेल्या मजकुराबद्दल केवळ ॲडमिन आहे म्हणून त्याला गुन्ह्यात जबाबदार धरता येत नाही. त्या प्रकरणांचे विषय वेगळे होते, नाण्यांचे नव्हते. पण म्हणून डोळे मिटून बसू नका. कळूनही ठेवलेली पोस्ट हा वेगळा प्रश्न आहे.

ग्वाल्हेरी | दुपारी १:१०

एक प्रकार राहिला, आणि माझ्या लेखी तो सगळ्यात घातक. आमच्या दुसऱ्या एका गटात एक गृहस्थ होते, वागायला फार गोड. कुणी विचारो न विचारो, एका लिलाववाल्याचं कौतुक करायचे. 'मी तिथूनच घेतो, खात्रीचे लोक.' कधी दुवा नाही, किंमत नाही, विक्रीचा शब्द नाही. गटाचा कुठलाच नियम मोडला नाही त्यांनी. पुढे कळलं की पाठवलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकामागे त्यांना वाटा मिळत होता. दोन मुलांनी त्यांच्या शब्दावर विसंबून पहिल्या पगाराचे पैसे घातले होते. नाणी खरी होती, पण भाव दुप्पट.

त्यांनी 'मला यात कमिशन आहे' एवढं एक वाक्य लिहिलं असतं तर मी त्यांना गटात ठेवलं असतं. जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये समाजमाध्यमांवरच्या इन्फ्लुएन्सर लोकांसाठी हेच सांगितलं: पैसे, भेटवस्तू, नातं, काही लागेबांधे असतील तर ते ठळक लिहा. ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये तशीच मार्गदर्शिका काढली. ती मोठ्या लोकांसाठी असेल, पण पन्नास जणांच्या गटात विश्वास जास्त असतो, म्हणून तिथे तर हे अधिक लागू व्हायला हवं.

बाबाशाही | दुपारी १:३०

@ग्वाल्हेरी, हे वाचून आमच्या रविवारच्या नियमाची मर्यादा कळली. आम्ही उघड विकणाऱ्याला सहा दिवस गप्प बसवतो आणि असा माणूस सातही दिवस बोलतो. शिवाय खरं सांगायचं तर रविवार हळूहळू भाजीबाजारासारखा झालाय. गुजराती, मराठी, हिंदी सगळ्यात ओरडा, आणि चर्चा करणारे त्या दिवशी फिरकतच नाहीत.

पाणपक्षी (इंदूर) | दुपारी २:०५

मी सिरपूर तलावावर पक्षी बघणाऱ्यांचा गट चालवते. आमच्याकडे विकायला पक्षी नाहीत, तरी जाहिराती आहेतच: दुर्बिणी, सहली, कॅमेऱ्याचे वर्ग. आम्ही एकच बघतो, माणूस एरवी गटात असतो का. वर्षभर नोंदी टाकणाऱ्याने वर्षातून एकदा 'मी सहल नेतोय, शुल्क एवढं' म्हटलं तर आनंदाने वाचतो. काल आला आणि आज सहल विकतोय, त्याला नमस्कार.

तांब्याचा_पैसा | दुपारी २:४०

@पाणपक्षी, हे ऐकायला बरं वाटतं, पण त्यात जुन्यांची टोळी होते. नवा माणूस प्रामाणिक असू शकतो आणि ग्वाल्हेरींचे ते गोड गृहस्थ जुनेच होते. मल्हारनगरकडच्या ताईसुद्धा, म्हटलं तर, त्या दिवशी पहिल्यांदाच गटात बोलल्या.

पाणपक्षी | दुपारी २:५२

हे बरोबर आहे. उपस्थिती ही एकटी कसोटी पुरणार नाही.

मल्हारनगर | संध्याकाळी ६:१५

सगळ्यांचं नीट वाचलं. 'जाहिरात करू नये' ही ओळ काढतोय. तिच्या जागी काय लिहिणार ते सांगतो, टोका.

नाणं, अल्बम, पुस्तक, व्हिडिओ, सहल, काहीही असो, त्यात तुमचा पैसा किंवा वाटा असेल तर पहिल्या ओळीत तसं सांगा. पोस्टमध्ये सभासदांना शिकण्यासारखं काहीतरी हवं. नुसता दुवा किंवा नुसतं 'संपर्क करा' काढलं जाईल. विक्री महिन्याच्या पहिल्या रविवारी. दोन्ही बाजू, वजन आणि भाव लिहून, आणि व्यापाऱ्याने परवाना आधी दाखवून. तीच पोस्ट अनेक गटांत फिरत असेल किंवा त्यावर 'अनेकदा फॉरवर्ड'चे दोन बाण असतील तर विचारणा न करता काढणार. आणि कुणी ओळख विचारायला नाणं टाकलं तर त्याला वैयक्तिक निरोपात भाव विचारायचा नाही.

वारसाने आलेल्या संग्रहाला दिवसाचं बंधन नाही. तो कधीही दाखवावा. आधी गटातले तिघे बसून यादी करतील, यादी कुटुंबाला देतील, आणि यादी करणाऱ्यांपैकी कुणी त्यातलं नाणं विकत घेणार नाही.

सराफा_दुकान | संध्याकाळी ६:२८

शेवटचं वाक्य फार चांगलं. मी घेणार नाही, पण यादीला बसेन. वजनाचा काटा माझा.

सुदामानगर_ताई | संध्याकाळी ६:३३

मी त्या ताईंशी बोलते. त्यांना परत गटात यायचा संकोच वाटत असेल तर घरीच जाऊ. नर्मदाकाठ दादा, फारसी वाचायला याल ना?

नर्मदाकाठ | संध्याकाळी ६:५०

येतो. कॅमेरा आणणार नाही.

तांब्याचा_पैसा | संध्याकाळी ७:०५

मसुदा बराच पटला. एक सोडून. वैयक्तिक निरोपाचा नियम तुम्ही पाळून घेणार कसा? तो तर दिसतच नाही.

मल्हारनगर | संध्याकाळी ७:२०

नाणं टाकणाऱ्या नव्या माणसाला मी पहिल्याच दिवशी कळवीन की असा निरोप आला तर मला दाखवा. दाखवला तर पाठवणाऱ्याला एकदा समज, दुसऱ्यांदा गटाबाहेर. मग तो कितीही जुना असो.

तांब्याचा_पैसा | संध्याकाळी ७:२४

आणि तो ॲडमिनच असला तर?

मल्हारनगर | संध्याकाळी ७:३१

मग तुम्ही मला काढा. उद्यापासून तुम्हीही ॲडमिन.